पूरग्रस्तांच्या औषधोपचारासाठी छायाचित्रांची विक्री : छपाईच्या आधी काय ठरवायचं

प्रश्न : आमचा सांगली-कोल्हापूर भागातल्या हौशी छायाचित्रकारांचा गट आहे, तीसेक जण. पूर आला की नंतरच्या वैद्यकीय मदतीसाठी काहीतरी करावं असं दर वेळी वाटतं. सदस्यांनी विनामूल्य दिलेली छायाचित्रं चांगल्या कागदावर छापून विकायची आणि पैसे वैद्यकीय मदतीला द्यायचे, असं यंदा ठरतंय. छायाचित्रं कशी निवडायची, किंमत किती ठेवायची, पैसे कुणाच्या खात्यात घ्यायचे, कायद्याचं काय? ज्यांनी हे केलं आहे त्यांनी सविस्तर सांगावं.

उत्तर : मी छायाचित्रांची छपाई करतो आणि अशा विक्रीची छपाई, पाठवणी आणि हिशेब अनेकदा सांभाळला आहे. तुम्ही विचारलेल्या प्रत्येक गोष्टीकडे येतो. पण त्याआधी एक गोष्ट ठरवा, कारण बाकीचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे : तुमचे पैसे पुरानंतर कितव्या आठवड्यात पोचणार आहेत?

हिशेब मांडून बघा. छायाचित्रं गोळा करून निवडायला आठवडा लागतो. विक्री दहा-बारा दिवस चालते. मग ऑर्डरींची यादी पक्की करणं, छपाई, पाठवणी, परत आलेली पार्सलं आणि खर्चाची बिलं यांत पुढचे तीन आठवडे सहज जातात. सगळं नीट झालं तरी रक्कम संस्थेच्या हातात पडेपर्यंत पाच-सहा आठवडे झालेले असतात. म्हणजे बोटी, पहिल्या दिवसांतलं जेवण, छावणीतलं प्रथमोपचाराचं टेबल यासाठी हे पैसे उपयोगाचे नाहीत. ते काम एनडीआरएफ, जिल्हा प्रशासन, गावातली तरुण मंडळं आणि ज्यांच्याकडे आधीपासून निधी आहे अशा संस्था करतात. विक्रीच्या जाहिरातीत बोटीवरून वाचवलेल्या माणसांचा फोटो टाकून ‘आज मदत करा’ म्हणणं म्हणूनच खोटं ठरतं. विकत घेणाऱ्याला वाटतं आपले पैसे उद्या पोचतील, आणि ते पोचत नाहीत.

पण हे पैसे उशिरा येतात म्हणून कमी मोलाचे ठरत नाहीत. पुरातला आजार पाण्याबरोबर येत नाही, पाणी गेल्यावर येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद राहिला. त्या आठवड्यात सगळ्या राज्याचं लक्ष इकडे होतं, ट्रकमागून ट्रक येत होते. महिन्याभराने टीव्हीवाले गेले, ट्रक थांबले, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचं काम मात्र चालूच राहिलं.

त्यामागचं कारण साधं आहे. लेप्टोस्पायरोसिसची लक्षणं संसर्गानंतर दोन दिवसांपासून महिन्याभरापर्यंत कधीही दिसू शकतात, आणि संसर्ग होतो तो बहुतेकदा पाणी ओसरल्यावर, अनवाणी पायांनी घरातला चिखल काढताना. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो, तो चावल्यावर ताप यायला आणखी चार ते दहा दिवस, म्हणून डेंग्यूचे रुग्ण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाढू लागतात. काविळीचं आणखी लांब. हिपॅटायटिस ई चा विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जाऊ शकतात, आणि शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईच्या तो जिवावर बेतू शकतो. दूषित पाण्याने काय होतं हे तुमच्या भागाला वेगळं सांगायला नको. इचलकरंजीने २०१२ साली काविळीची मोठी साथ पाहिली आहे. याशिवाय रक्तदाब आणि मधुमेहाची माणसं. त्यांच्या गोळ्या, जुने कागद, ग्लुकोमीटर सगळं वाहून गेलेलं असतं. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं आणि गावात वीज नसते. या माणसांची नावं ‘पूरग्रस्त रुग्ण’ म्हणून कुठल्याच यादीत येत नाहीत, पण दोन महिने गोळ्या चुकल्या की त्यातली काही पक्षाघात होऊन दवाखान्यात येतात.

तेव्हा माझं ठाम मत असं : छायाचित्रांच्या विक्रीचे पैसे पाचव्या आठवड्यापासून सहाव्या महिन्यापर्यंतच्या कामासाठी आहेत असं पहिल्या दिवशीच जाहीर करा. फिरत्या दवाखान्याचं डिझेल, परिचारिकेचं तीन महिन्यांचं मानधन, रक्त तपासणीचे किट, मधुमेहींना दोन महिन्यांची औषधं, इन्सुलिनसाठी शीतपेट्या, विहिरी आणि टाक्यांमध्ये टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नीट पडतं का हे बघणारी ओटी टेस्टची (पाण्यातल्या क्लोरीनच्या तपासणीची) सामग्री. असं नेमकं सांगितलं की विक्री मंदावते असं काहींना वाटतं. माझा अनुभव उलट आहे. ज्याला छायाचित्र विकत घ्यायचं आहे तो घाईत नसतो. त्याला आपल्या पैशाचं काय होणार हे समजून घ्यायला आवडतं.

संस्था निवडताना तिच्या मोठेपणापेक्षा तुमच्या तालुक्यात तिचं माणूस आहे का हे पाहा. राष्ट्रीय पातळीवर ‘डॉक्टर्स फॉर यू’सारखी, २००७ मध्ये मुंबईत सुरू झालेली आणि आपत्तीतल्या वैद्यकीय कामासाठीच ओळखली जाणारी संस्था आहे. त्याच जोडीला शिरोळ, पलूस, वाळव्यात वर्षानुवर्षं रुग्णालय चालवणारा एखादा स्थानिक विश्वस्त न्यासही तितकाच योग्य असू शकतो. विचारायचे प्रश्न असे : आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी तुमचा समन्वय आहे का? औषधं कोण खरेदी करतं, साठ्याची नोंद कोण ठेवतं? आमची रक्कम वेगळ्या नोंदीत दाखवाल का? सहा महिन्यांनी एक पानभर लेखी अहवाल द्याल का? शेवटच्या प्रश्नावर जो टाळाटाळ करतो त्याच्याशी पुढचं बोलणं थांबवा.

आणि कृपा करून औषधं विकत घेऊन पाठवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाविषयी १९९६ पासून मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. त्यात औषधाची मुदत देशात पोचताना किमान वर्षभर शिल्लक असावी असं म्हटलं आहे, आणि शक्य असेल तिथे पैसे द्या असाही त्यांचा रोख आहे. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक लेप्टोच्या प्रतिबंधासाठी देतात हे ऐकून कुणीतरी हजार गोळ्या वाटायला निघतं. पण ती कुणाला द्यायची, गरोदर बाईला आणि लहान मुलाला का द्यायची नाही, हे आरोग्य विभागाने ठरवायचं काम आहे. तुम्ही रोख रक्कम द्या, औषधाचा निर्णय डॉक्टरांकडे राहू द्या.

आता विक्रीची रचना. यासाठी एक उदाहरण नेहमी डोळ्यांसमोर ठेवतो. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं एल्महर्स्ट रुग्णालय करोनाच्या रुग्णांनी ओसंडून गेलं होतं. तेव्हा ‘पिक्चर्स फॉर एल्महर्स्ट’ नावाने पावणेदोनशेहून अधिक छायाचित्रकारांनी आपली छायाचित्रं दिली. नामांकित असो की नवखा, प्रत्येकाच्या प्रतीची किंमत एकच, १५० डॉलर. विक्री मोजके दिवस चालली आणि १३ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. आपली विक्री त्या आकड्यांजवळ जाणार नाही, पण रचना उचलण्यासारखी आहे. एकच रुग्णालय, ज्याचं नाव विकत घेणाऱ्याला ठाऊक आहे. एकच किंमत, त्यामुळे कुणाचं छायाचित्र भारी आणि कुणाचं हलकं हा वाद नाही. ठरलेली मुदत, म्हणजे ‘नंतर बघू’ म्हणायला जागा नाही. आणि आधी ऑर्डर, मग छपाई.

शेवटचा मुद्दा तुमच्यासारख्या गटाला सर्वात महत्त्वाचा. आधी छापून ठेवलं की दोन-तीन छायाचित्रं संपतात आणि बाकीच्यांच्या गठ्ठ्याने कपाट भरतं. तो न विकलेला कागद म्हणजे रुग्णांच्या वाटणीचे गेलेले पैसे. ज्याची ऑर्डर आली तेवढंच छापा, मुदत संपली की त्या आवृत्तीत पुन्हा छपाई नाही, हे लेखी सांगा. ‘फक्त दहाच प्रती’ अशी मर्यादा मी सुचवत नाही. आवडलेलं छायाचित्र तिसऱ्या दिवशी संपलं तर पुढचा ग्राहक दुसरं घेत नाही, निघून जातो.

निवडीवर मात्र भरपूर वेळ घालवा. तीस सदस्यांची प्रत्येकी तीन अशी नव्वद छायाचित्रं एकदम मांडू नका. पंचवीस ते पस्तीस पुरेत. निवड गटाबाहेरच्या दोघांकडून करवून घ्या, शक्यतो एक छायाचित्रकार आणि एक असा माणूस ज्याचा छायाचित्रणाशी काही संबंध नाही पण ज्याच्या घराच्या भिंती चांगल्या सजलेल्या आहेत. दुसऱ्याचं मत जास्त ऐका. स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारं छायाचित्र आणि माणूस रोज सकाळी चहा घेताना बघेल असं छायाचित्र यांत फरक असतो. शिकार करणारा बिबट्या पदक मिळवतो, पण बैठकीच्या खोलीत त्याला फार थोडे लोक जागा देतात. माझ्या पाहण्यात सर्वात जास्त जातात ती ओळखीच्या जागांची शांत छायाचित्रं : कृष्णेचे घाट, नरसोबाच्या वाडीची पहाट, पन्हाळ्यावरचं धुकं, कासचं पठार, उसाच्या फडावरचा पाऊस, जुन्या वाड्याचं दार. परगावी नोकरीला असलेली तुमच्या भागातली माणसं ही खरेदी करतात, आणि त्यांना आपलं गाव हवं असतं. पक्ष्यांची छायाचित्रं पक्षीप्रेमी घेतात. दोन-तीन ठेवा, पण घरट्यावरची नकोत. अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रं, कितीही सुंदर असली तरी, क्वचित विकली जातात.

पुराची छायाचित्रं विकू नका. यावर गटात चर्चा होईल, कारण तुमच्यापैकी काहींनी ती जीव धोक्यात घालून काढलेली असतील. त्यांची जागा वर्तमानपत्रात आहे, अभिलेखागारात आहे, प्रशासनाला जाब विचारणाऱ्या प्रदर्शनात आहे. पण गळ्यापर्यंतच्या पाण्यात पोरगं खांद्यावर घेऊन चाललेल्या बापाचं चित्र तीन हजार रुपयांना विकायचं, आणि त्याला विचारायचंही नाही, हे मला पटत नाही. तो माणूस उद्या त्याच फिरत्या दवाखान्याच्या रांगेत उभा असणार आहे ज्यासाठी आपण पैसे जमवतोय. छावणीतल्या रुग्णांची छायाचित्रं जाहिरातीसाठीही वापरू नका. दाखवायचंच असेल तर परिचारिका, गाडी, औषधांचे खोके, पाणी तपासणारी आशा सेविका दाखवा, तेही त्यांना विचारून.

संगणकाने तयार केलेली चित्रं नकोत, हेही नियमात लिहा. लोक ‘छायाचित्र’ म्हणून पैसे देतात, त्यांना ते छायाचित्रच मिळालं पाहिजे.

परवानगी लेखी घ्या, मित्र असला तरी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा हक्क सर्वसाधारणपणे काढणाऱ्याचा असतो, पण मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी काढलेल्या छायाचित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याकडे जातो. तेव्हा एखाद्याने हॉटेलच्या कामासाठी काढलेलं सुंदर धबधब्याचं छायाचित्र दिलं तर आधी ते कुणाचं आहे ते विचारा. परवानगीपत्र एका पानाचं पुरतं : छायाचित्राचं नाव, कोणत्या आकारात छापणार, विक्री कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, छायाचित्रकाराचं नाव कसं छापायचं, प्रसिद्धीसाठी लहान आकारात वापरता येईल का, आणि मुदत संपल्यावर मूळ फाइल पुसली जाईल ही हमी. मुदत आणि भूभाग लिहिलाच पाहिजे. लिहिला नाही तर कायदा आपोआप पाच वर्षं आणि संपूर्ण भारत असं धरतो, आणि तुमच्या सदस्याला ते मान्य असेलच असं नाही. ओळखू येणारी व्यक्ती असेल तर तिची संमती; मूल असेल तर आईवडिलांची.

आता माझ्या कामाचा भाग. एकच आकार ठेवा. मी १२ बाय १८ इंचाचा कागद सुचवतो, चित्र त्यावर साधारण १० बाय १५ इंचात आणि भोवती पांढरी कड. या कडेचे तीन फायदे आहेत. एक, मोबाइलवरचं ४:३ चं छायाचित्र असो की कॅमेऱ्यातलं ३:२ चं, कागद तोच राहतो आणि कुणाच्या चित्राला कात्री लावावी लागत नाही. दोन, फ्रेम करणाऱ्याला माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) नसला तरी चालतं. तीन, हाताळताना बोटं कडेवर पडतात, शाईवर नाही. १० बाय १५ इंचाला ३०० पिक्सेल प्रतिइंच धरले तर ३००० गुणिले ४५०० पिक्सेल लागतात, म्हणजे साडेतेरा मेगापिक्सेल. २४० वरही उत्तम छापता येतं, मग पावणेनऊच्या आसपास पुरतात. आजच्या कुठल्याही कॅमेऱ्याला हे जमतं. अडचण येते ती व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फाइलींची. त्या आपोआप लहान झालेल्या असतात. मूळ फाइल ड्राइव्हवरून मागवा, आणि ती आली का हे छायाचित्र निवडण्याआधी तपासा, नंतर नाही.

कागद सुती, मॅट, ३०० ग्रॅमच्या आसपासचा, आणि पिगमेंट शाई. हानेम्युले किंवा कॅन्सन या कंपन्यांचे असे कागद पुण्या-मुंबईच्या फाइन आर्ट छपाई करणाऱ्यांकडे मिळतात. स्वस्तात करायचं तर लॅबचा नेहमीचा फोटोपेपर आहे, तोही वाईट नाही. पण तीन हजार रुपये देणाऱ्याच्या हातात जाड सुती कागद पडला की तो दुसऱ्याला दाखवतो, आणि तुमची पुढची विक्री तिथे होते. मॅट कागदावर काळा रंग पडद्यावर दिसतो तितका गडद येत नाही. पावसाळी, काळपट छायाचित्रांत सावल्या बुजतात. म्हणून पूर्ण छपाईआधी प्रत्येक छायाचित्राची पोस्टकार्डाएवढी चाचणी प्रत काढून घ्या आणि ती दिवसाच्या उजेडात बघा. यात एक दिवस आणि थोडे पैसे जातात, पण पन्नास प्रती पुन्हा छापायची वेळ येत नाही.

छापणाऱ्याला कागदाचे आणि शाईचे पैसे द्या. चांगल्या कामासाठी आहे म्हणून फुकट करा, असं सांगितलं की तो लहान व्यावसायिक नाही म्हणत नाही, पण तुमचं काम रात्री उशिरा, उरलेल्या रोलवर होतं. मजुरी सोडायला सांगा. साहित्याचा खर्च मागू द्या.

किंमत ठरवताना लोक ‘सामान्य माणसाला परवडली पाहिजे’ म्हणून दीड हजार ठेवतात. आकडे मांडून बघू. समजा छपाईला प्रतिनग ७०० रुपये, पॅकिंग आणि कुरिअर मिळून २५०, आणि पेमेंट गेटवेचे २ टक्के अधिक त्या शुल्कावरचा जीएसटी. दीड हजारांतून हे वजा केलं की उरतात साधारण ५१५ रुपये. तीन हजार किंमत ठेवली तर उरतात १,९८० च्या आसपास. म्हणजे किंमत दुप्पट केली तर मदत जवळजवळ चौपट होते. तीन हजारांच्या २०० प्रतींतून जेवढी रक्कम येईल, तेवढीच दीड हजारांनी उभी करायला साडेसातशेहून जास्त प्रती विकाव्या, छापाव्या आणि पाठवाव्या लागतील. ज्यांना तीन हजार झेपत नाहीत त्यांच्यासाठी पाच पोस्टकार्डांचा संच ठेवा. एखाद्या स्थानिक उद्योजकाला विचारा की छपाईचा खर्च तो उचलेल का. उचलला तर ‘पूर्ण रक्कम रुग्णांना’ असं म्हणता येतं. नसेल तर तसं म्हणू नका; ‘छपाई, पाठवणी आणि पेमेंट शुल्क वजा जाता सर्व रक्कम’ असं लिहा आणि तो खर्च प्रतिनग किती ते आकड्यात द्या.

पैसे कुणाच्या खात्यात, या प्रश्नाला माझं एकच उत्तर आहे : कुठल्याही सदस्याच्या वैयक्तिक खात्यात नाही. तो कितीही प्रामाणिक असला तरी. ती रक्कम त्याच्या उत्पन्नात दिसते, आणि गटात पुढे कधी मतभेद झाले की पहिला संशय त्याच्यावर येतो. नोंदणी नसलेल्या गटाने धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क चा विचार करावा लागतो. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची तात्पुरती परवानगी घेतात ती याच कलमाखाली. त्यात जीएसटीचा आणखी एक पेच आहे. परराज्यात करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते, आणि तुमचे अर्धे ग्राहक बेंगळुरू-हैदराबादला असणार. म्हणून सोपा मार्ग असा की जीएसटी नोंदणी असलेली छपाई लॅब किंवा कलादालन अधिकृत विक्रेता होतं, बिल तेच देतं, आणि खर्च वजा जाता रक्कम संस्थेला देतं. गट, लॅब आणि संस्था यांच्यात तीन सह्यांचा एक साधा करार करा. किंवा वैद्यकीय न्यास स्वतःच विक्री करतो आणि यूपीआयचा क्यूआर त्याच्याच नावाचा असतो. दोन्हींत कोणता मार्ग बसतो हे संस्थेच्या सीएकडून लेखी घ्या.

ग्राहक ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीसाठीची, पावती मागतील. छायाचित्राच्या किमतीवर ती देता येत नाही, कारण त्यांना पैशाच्या बदल्यात वस्तू मिळालेली आहे. कुणाला किमतीशिवाय वर काही द्यायचं असेल तर ते त्यांनी थेट न्यासाच्या खात्यात द्यावं, त्याची पावती न्यास देईल. रोखीने दोन हजारांहून अधिक दिलेल्या देणगीला सवलत मिळत नाही, तेव्हा बँकेमार्फतच. हे विक्रीच्या पानावर आधीच लिहिलं की नंतरचे निम्मे फोन वाचतात.

परदेशातल्या नातेवाइकांचं काय, हा प्रश्न तुमच्याकडे नक्की येईल. भारतीय पासपोर्ट असलेला, नोकरीसाठी दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणारा माणूस स्वतःच्या बचतीतून देतो तेव्हा ते परकीय अंशदान धरलं जात नाही. ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं आहे त्याचं धरलं जातं, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी. अशी देणगी फक्त एफसीआरए (परकीय अंशदान नियमन कायदा) नोंदणी असलेली संस्थाच घेऊ शकते, आणि तीही २०२० च्या दुरुस्तीनंतर स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच. तुमची संस्था तशी नसेल तर तिकडच्या महाराष्ट्र मंडळाला नम्रपणे सांगा की त्यांनी एफसीआरए असलेल्या संस्थेला थेट द्यावं. लंडनच्या काकांचे पैसे पुतण्याच्या खात्यातून फिरवू नका. अशा एका रकमेपायी संस्थेचं सगळं काम अडचणीत येऊ शकतं, आणि त्याचा फटका रुग्णांना बसतो.

ऑनलाइन विक्रीच्या जोडीला दोन-तीन दिवसांचं प्रदर्शन जरूर करा. कोल्हापुरात शाहू स्मारकचं कलादालन आहे, पुण्यात बालगंधर्व. तिथे प्रत्येक छायाचित्राची एकच नमुना प्रत लावायची, ऑर्डर घ्यायची, हातात प्रत द्यायची नाही. उद्घाटनाला पुढाऱ्यापेक्षा आरोग्य केंद्रातल्या एखाद्या परिचारिकेला बोलवा आणि तिला दहा मिनिटं बोलू द्या. पुरानंतरच्या महिन्यात काय असतं हे तिच्याइतकं नेमकं कुणीच सांगू शकत नाही.

पाठवणीत पावसाळा लक्षात ठेवा. छापलेली प्रत किमान २४ तास उघड्यावर वाळू द्या. लगेच प्लॅस्टिकमध्ये घातली की आतला ओलावा आणि शाईतली द्रव्यं अडकतात आणि पुढे फ्रेमच्या काचेवर धुरकट थर दिसतो. वर बटर पेपर, मग सीलबंद पिशवी, मग पुठ्ठ्याची किमान तीन इंच व्यासाची नळी. त्याहून बारीक नळीत जाड सुती कागद गुंडाळला की तो सरळ होता होत नाही. दोन्ही टोकांना पुठ्ठ्याचे गोल, वर चिकटपट्टी. तालुक्याच्या पुढच्या गावांना स्पीड पोस्ट बरं पडतं. पोचायला पाच-सहा आठवडे लागतील असं आधीच सांगा. आणि प्रतीच्या मागे पेन्सिलने किंवा लेबलवर छायाचित्रकाराचं नाव, ठिकाण, वर्ष आणि विक्री कशासाठी झाली ते लिहा.

हिशेब दोनदा प्रसिद्ध करा. पहिल्यांदा रक्कम संस्थेला दिल्याच्या आठवड्यात : किती प्रती गेल्या, एकूण जमा, छपाई, पाठवणी, शुल्क, संस्थेला दिलेली रक्कम, बँक व्यवहाराची तारीख. दुसऱ्यांदा सहा महिन्यांनी, संस्थेचा अहवाल आल्यावर : किती शिबिरं, कोणती गावं, कशावर किती खर्च, किती शिल्लक. रुग्णांची नावं किंवा चेहरे त्यात नकोत. हा दुसरा हिशेब प्रत्येक ग्राहकाला आणि प्रत्येक छायाचित्रकाराला वेगळा पाठवा. ज्यांचं एकही छायाचित्र विकलं गेलं नाही त्यांनाही पाठवा. त्यांनी दिलं होतं.

शेवटी वेळेबद्दल. पुढचा पूर यायची वाट बघून मग सुरुवात करू नका. एप्रिल-मे मध्ये छायाचित्रं निवडून, परवानगीपत्रं सही करून, मूळ फाइली तपासून, चाचणी प्रती काढून ठेवा. लॅबचा दर आणि संस्थेशी करार तेव्हाच करा, आणि परवानगीत ‘या वर्षीच्या जून ते डिसेंबरमध्ये आपत्ती आल्यास’ अशी मुदत घाला. मग पाणी चढायला लागलं की फक्त विक्री उघडायची राहते, आणि पाच-सहा आठवड्यांचा काळ चार-पाचवर येतो. वर्ष कोरडं गेलं तर तीच निवड पुढच्या वर्षी नव्या सह्यांनी वापरता येते. यंदा जर पूर येऊन गेला असेल आणि तुम्ही आत्ता सुरू करत असाल, तर पहिला फोन छपाईवाल्याला करू नका. तालुका आरोग्य अधिकाऱ्याला करा आणि दोन महिन्यांनी त्यांच्याकडे कशाची कमतरता असेल ते विचारा.